माउंटन बायकिंग नेमकं कशाला म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगायचं तर माउंटन बायकिंग म्हणजे काय?

डांबर-काँक्रीट नसलेल्या खडबडीत वाटेवर सायकल चालवणं, आणि तीही अशा वाटेवर जिथे चाक कुठून न्यायचं हे दर काही मीटरला नव्याने ठरवावं लागतं. दगड, मुळं, भुसभुशीत माती, अंगावर येणारी वळणं, चढ-उतार यांतलं काहीतरी सतत समोर येत असतं. त्याला उत्तर म्हणून तुम्ही सीटवरून उठता, वजन पुढे-मागे नेता, ब्रेक सोडता-धरता, गिअर आधीच बदलून ठेवता.

आमची कसोटी साधी आहे: वाट तुमच्याकडून काही मागते का? सीटवर बसून, एका हाताने हँडल धरून, आजूबाजूचं बघत एक किलोमीटर जाता आलं, तर ती छान कच्च्या रस्त्याची सफर झाली. तिला कमी लेखायचं कारण नाही, पण तो वेगळा प्रकार आहे. सायकलवर काय लिहिलंय, ती कितीची आहे, अंगात कुठली जर्सी आहे, यावरून काहीही ठरत नाही.

डोंगर नसला तर चालतो का?

चालतो. नावात माउंटन असलं तरी सपाट जंगलातली मुळांनी भरलेली वळणावळणाची पायवाट हे अस्सल माउंटन बायकिंग आहे. उलट, डोंगरमाथ्यापर्यंत गेलेल्या गुळगुळीत घाटरस्त्याने दीड हजार मीटर चढलात तरी ते रोड सायकलिंगच. उंची हा निकष नाही, चाकाखाली काय आहे तो निकष आहे.

रुंद कच्चा रस्ता म्हणजे माउंटन बायकिंग का?

इथे मतं फुटतात. वणवा लागल्यावर गाड्या आत नेता याव्यात म्हणून जंगलात जे कच्चे रस्ते काढतात त्यांना फायर रोड म्हणतात. जीप जाईल एवढी रुंदी, बेताचा चढ आणि वर खडी. अशा रस्त्यावर चढताना माउंटन बायकिंगचं बहुतेक कौशल्य झोपलेलं असतं, लागतो तो फक्त दम. पण तोच रस्ता उताराचा असेल, पावसाने त्यात चर पडले असतील, वळणावर सुटी खडी साचली असेल आणि तुम्ही ताशी ३५ किलोमीटरने येत असाल, तर तो भरपूर काही मागतो. या खेळाचा जन्म अशाच एका कच्च्या उतारावर झाला, हेही विसरता येत नाही.

म्हणून आम्ही फायर रोडला माउंटन बायकिंगचा उंबरठा मानतो. बहुतेक फेऱ्यांत तो असतोच, ट्रेलपर्यंत, म्हणजे सायकलच्या खडबडीत पायवाटेपर्यंत, पोचवतो. फक्त तेवढ्यावर थांबलं तर खेळाचा गाभा हाताला लागत नाही.

सिंगलट्रॅक हा शब्द सारखा येतो. तो काय आहे?

एका वेळी एकच सायकल जाईल एवढी अरुंद वाट. साधारण ३० ते ९० सेंटीमीटर रुंद. तिच्यावर दुसरी रेघ, म्हणजे चाक न्यायचा मार्ग, निवडायला जागा फारशी नसते, म्हणून समोर येईल ते पार करावं लागतं. कडेची फांदी हँडलला घासते, वळण दिसायच्या आत आलेलं असतं. माउंटन बायकर्स जिच्यासाठी पहाटे उठतात ती हीच.

हा खेळ सुरू कुठे झाला?

खडबडीत वाटांवर सायकल नेणारे आधीपासून होते. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये रफ स्टफ फेलोशिप स्थापन झाली आणि ही मंडळी साध्या टूरिंग सायकली घेऊन डोंगरवाटांनी हिंडायची. पॅरिसजवळ १९५०च्या दशकात काही तरुणांनी सायकलींना सस्पेन्शन (धक्के शोषणारी यंत्रणा) लावून मातीत शर्यती केल्या.

पण आजच्या खेळाची सरळ वंशावळ कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीपर्यंत जाते. तिथले तरुण १९३०-४०च्या दशकांतल्या जाडजूड टायरच्या जुन्या श्विन सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या परिसरातले कच्चे रस्ते उतरायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ पहिली रीपॅक शर्यत झाली. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या आत साधारण ४०० मीटर उतार. या सायकलींना मागच्या हबमध्येच (चाकाच्या मधल्या भागात) ब्रेक असायचा, म्हणजे पेडल उलटं दाबलं की चाक थांबायचं. एका उतारात तो हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं, म्हणजे रीपॅक करावं लागायचं. शर्यतीचं नाव तिथून आलं.

जुन्या फ्रेम तुटायच्या, म्हणून जो ब्रीझने १९७७ मध्ये खास याच कामासाठी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने बनवलेल्या फ्रेम घेऊन माउंटनबाइक्स नावाची कंपनी काढली आणि खेळाचं नाव रुळलं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली आणि कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारी माउंटन बाइक दुकानात मिळू लागली. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला झाली. क्रॉसकंट्री प्रकार १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे.

क्रम लक्षात घ्या: आधी लोक वाटेवर गेले, सायकल तुटली, मग नवी सायकल बनली. व्याख्या करताना हाच क्रम पाळावा असं आम्हाला वाटतं.

माझ्या सायकलवर एमटीबी (माउंटन बाइकचं लघुरूप) लिहिलंय. म्हणजे ती माउंटन बाइक झाली ना?

नाही. जाड टायर, पुढे शॉकअप आणि चकचकीत स्टिकर एवढ्यावर एमटीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या असंख्य सायकली रस्त्यासाठीच बनवलेल्या असतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. अशी सायकल घेऊन दगडांचा उतार उतरलात तर धोका खरा आहे, म्हणून हा प्रश्न जरा सविस्तर घेऊ.

सायकलच्या माहितीपुस्तकात किंवा फ्रेमवरच्या छोट्या स्टिकरवर वापराचा वर्ग दिलेला असतो. एएसटीएम एफ २०४३ या मानकानुसार वर्ग १ म्हणजे पक्का रस्ता, टायर जमिनीवरच राहिले पाहिजेत. वर्ग २ मध्ये कच्चे, खडीचे रस्ते येतात आणि १५ सेंटीमीटरपर्यंतची उडी चालते. वर्ग ३ म्हणजे खडबडीत ट्रेल आणि ६१ सेंटीमीटरपर्यंतचे ड्रॉप, म्हणजे वाट एकदम खाली जाते अशा पायऱ्या. वर्ग ४ मध्ये १२२ सेंटीमीटरपर्यंतचे ड्रॉप आणि ताशी ४० किलोमीटरपर्यंतचा वेग. वर्ग ५ त्याच्याही पलीकडचा, मोठ्या उड्या आणि डाउनहिलसाठी. माउंटन बायकिंग वर्ग ३ पासून सुरू होतं असं समजा. पुस्तकात १ किंवा २ असेल, किंवा वर्गाचा उल्लेखच नसेल, तर ती सायकल दगडांवर नेऊ नका.

स्टिकर निघून गेलं असेल तर सायकलकडेच बघा. पुढचं चाक आरपार जाणाऱ्या जाड एक्सलवर आहे का? थ्रू-एक्सल असेल तर चांगली खूण, कारण बारीक एक्सल नटांवर बसलेलं चाक जोरात ब्रेक मारल्यावर फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) वळतं. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक आहेत का, की केबलचे? पुढची ब्रेक डिस्क १६० मिलिमीटर किंवा मोठी आहे का? मागच्या हबमध्ये कॅसेट (सरकवून बसवलेला गिअरचक्रांचा संच) आहे, की जुन्या पद्धतीचं स्क्रूवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील? फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, त्यामुळे एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय राहतो आणि उड्या मारल्या की तो वाकतो, कधी तुटतो. शेवटी फोर्क दाबून बघा. नुसती स्प्रिंग असेल आणि दाबून सोडल्यावर तो टाळकन वर उसळत असेल, तर त्यात डॅम्पर (उसळी आवरणारा भाग) नाही. असा फोर्क प्रत्येक दगडानंतर हँडल तुमच्याकडे फेकतो. त्यापेक्षा सस्पेन्शन नसलेला कडक फोर्क बरा, तो निदान खरं बोलतो.

मग सस्पेन्शन असलंच पाहिजे का?

नाही. पहिली कित्येक वर्षं कुणाकडेच नव्हतं. आजही कडक फोर्कवर रुंद टायर लावून बिकट ट्रेल चालवणारे आहेत. सस्पेन्शनमुळे वेग वाढतो, चाक जमिनीला धरून राहतं आणि हात कमी दुखतात.

फक्त पुढे सस्पेन्शन असेल तर हार्डटेल, दोन्हीकडे असेल तर फुल सस्पेन्शन. शिकायला हार्डटेल उत्तम: वजन कमी, देखभाल कमी, आणि चुकीची रेघ निवडली की मागचं चाक लगेच सांगतं.

मात्र हवेचा फोर्क किंवा शॉक (मागचं सस्पेन्शन) असेल तर तो तुमच्या वजनाला जुळवणं सक्तीचं समजा. नुसतं उभं राहिल्यावर सस्पेन्शन जितकं खाली बसतं त्याला सॅग म्हणतात. फोर्कला एकूण ट्रॅव्हलच्या (दबण्याच्या पूर्ण अंतराच्या) १५ ते २० टक्के, मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के. १२० मिलिमीटरच्या फोर्कला २० टक्के म्हणजे २४ मिलिमीटर. पद्धत अशी: नेहमीचा सगळा जामानिमा, पाण्यासकट, अंगावर चढवा. लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायची कळ) उघडा. भिंतीचा आधार घेऊन पेडलवर उभे राहा, दोनतीनदा दाबून सोडा, मग स्थिर व्हा. फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग सीलला टेकवा, न हिसडता खाली उतरा आणि रिंग किती वर राहिली ते पट्टीने मोजा. जास्त बसत असेल तर शॉकपंपाने हवा वाढवा, एका वेळी ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). साध्या पंपाने हे जमत नाही.

हवा जुळली की रीबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग. त्याची लाल रंगाची घुंडी असते. पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत उघडा आणि आकडा लिहून ठेवा. बसल्या बसल्या एका पायरीवरून खाली उतरा. सायकल एकदा वर येऊन शांत झाली तर बरोबर. दोनतीनदा डुलली तर रीबाउंड जास्त वेगवान आहे. आणि सलग मुळांवर फोर्क खाली खालीच बसत जात असेल, तर तो फार हळू आहे.

२६, २७.५ की २९ इंच?

चाकाच्या आकारावरून माउंटन बाइक ठरत नाही. टायर रिमवर बसतो तो व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं आणि दगडावर सहज चढतं, लहान चाक पटकन वळतं. नवी घेत असाल तर २९, उंची कमी असेल तर २७.५. जुनी २६ असेल तर खुशाल चालवा.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

माउंटन बायकिंगमध्ये फुकटात होणारी सगळ्यात मोठी सुधारणा इथे आहे. रस्त्यावरच्या सवयीने लोक ४०-५० पीएसआय भरतात आणि मग ट्रेल घसरडी आहे म्हणतात.

अंगठ्याएवढं मूळ तिरकं आडवं आलंय, असं धरा. टायर ४० पीएसआयला दगडासारखा कडक आहे. तो मुळावर फक्त एका टोकाने टेकतो, उसळतो आणि मुळाच्या उताराकडे सरकतो. तोच टायर २२ पीएसआयला मुळाभोवती मुडपतो, त्याचे गट्टू दोन्ही बाजूंनी लाकूड धरतात आणि चाक सरळ पुढे जातं. मूळ तेच, वेग तोच, फरक फक्त हवेचा.

७० ते ७५ किलो वजन, २.४ इंची ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआयपासून सुरुवात करा. मागे जास्त, कारण वजन मागे जास्त. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ४-५ वाढवा. दर ५-६ किलो वजनामागे साधारण १ पीएसआय इकडेतिकडे. प्रत्येक पंपाचा काटा वेगळं दाखवतो, म्हणून मापक एकच वापरा.

हवा कमी झाल्याची लक्षणं: दगडावर रिम ठणकन आपटते, वळणात टायर लोळतो, ट्यूबलेसमध्ये कडेने फुस्स करून हवा निसटते. ट्यूबमध्ये शेजारीशेजारी दोन भोकं पडली असतील, साप चावल्यासारखी, तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिरडली गेलीय. काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. ट्यूबलेसमध्ये २९ इंची टायरला ८० ते १२० मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) लागतं. ते सुकतं, उष्ण हवेत लवकर, म्हणून दर तीनेक महिन्यांनी चाक हलवून आतला आवाज ऐका. खळखळ नसेल तर भरा.

ग्रॅव्हल, सायक्लोक्रॉस आणि बीएमएक्स हे माउंटन बायकिंगमध्ये येतात का?

तिघेही सख्खे शेजारी आहेत, घर वेगळं. सायक्लोक्रॉस माती-चिखलात होतं, पण वाकलेल्या ड्रॉप हँडलवर आणि स्पर्धेत जास्तीत जास्त ३३ मिलिमीटरच्या टायरवर, छोट्या फेऱ्यांमध्ये, मध्येच सायकल खांद्यावर घेऊन पळत. बीएमएक्समध्ये २० इंची चाकं आणि बांधलेला ट्रॅक किंवा पार्क.

ग्रॅव्हल मात्र दरवर्षी जवळ सरकतंय. ४५-५० मिलिमीटरचे टायर, काहींना पुढे छोटं सस्पेन्शनसुद्धा. अशा सायकलवर कुणी सोपा सिंगलट्रॅक चालवला, तर तो माणूस त्या वेळी माउंटन बायकिंगच करतोय, असं आम्ही म्हणू. सायकल त्या कामाला अपुरी आहे एवढंच. हात ड्रॉप हँडलवर अरुंद पडतात, वजन पुढे राहतं, त्यामुळे उतार तीव्र झाला की ती माणसाला हँडलवरून पुढे फेकण्याच्या बेतात असते.

ई-बाइकवर केलेलं माउंटन बायकिंग खरं का?

पेडल मारल्यावरच मदत करणारी मोटर असेल तर होय. युरोपीय नियमांत अशा सायकलची मोटर २५० वॉटपर्यंत आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंत असते. अमेरिकेत क्लास १ ला ताशी २० मैलांची मर्यादा आहे. जागतिक स्पर्धेत ई-एमटीबी प्रकार २०१९ पासून आहे. चढावर मोटर दम वाचवते, पण उतारावर रेघ तुम्हालाच निवडावी लागते, तीसुद्धा २२-२४ किलोची सायकल हाताळत.

थ्रॉटल पिळून पेडलशिवाय पळणारी गाडी मात्र आमच्या हिशेबी मोटरसायकल. आणि ट्रेलवर ई-बाइकला परवानगी आहे का हा प्रश्न वेगळा आहे, तो तिथल्या व्यवस्थापनाला विचारूनच निघा.

क्रॉसकंट्री, ट्रेल, एंड्युरो, डाउनहिल यांत फरक काय?

चढाला किती महत्त्व आणि उताराला किती, यावर हे सगळं ठरतं.

क्रॉसकंट्रीत चढ-उतार दोन्ही आणि दोन्हीकडे घाई. सस्पेन्शन १०० ते १२० मिलिमीटर, सायकल हलकी. ऑलिंपिक प्रकारात काही किलोमीटरच्या वळशाच्या फेऱ्या असतात आणि शर्यत साधारण ८० ते १०० मिनिटं चालते. मॅरेथॉन प्रकारात ६० ते १६० किलोमीटर.

ट्रेल हा स्पर्धेचा प्रकार नाही. सुटीच्या दिवशी चढायचं आणि मजेत उतरायचं, यासाठी १२० ते १५० मिलिमीटर सस्पेन्शनची सायकल. बहुतेकांना हीच हवी असते.

एंड्युरोमध्ये उतारांवर घड्याळ लावलेलं असतं, चढ स्वतः पेडल मारत पार करायचे पण त्यांची वेळ धरत नाहीत. फक्त पुढच्या टप्प्याला ठरल्या वेळी हजर राहायचं. सायकल १५० ते १८० मिलिमीटरची.

डाउनहिल म्हणजे एकेकट्याने उतरायचं, सारा खेळ दोन ते पाच मिनिटांचा. २०० मिलिमीटर सस्पेन्शन, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट सक्तीचं. या सायकलवर चढ चढता येत नाही, त्यासाठी ती बनवलेलीच नाही.

घेताना वरच्या प्रकाराची मोठी सायकल घेऊन ठेवू असा मोह होतो. टाळा. सपाट वाटांवर १७० मिलिमीटरची सायकल जड, सुस्त आणि कंटाळवाणी होते.

लिफ्टने वर जायचं आणि फक्त उतरायचं, हे फसवणूक नाही का?

नाही. दिवसभर असे उतार करून बघा, तळहात आणि मांड्या काय म्हणतात ते कळेल. वाट मागते तितकं तुम्ही देता आहात. चढ गाळला म्हणून उतार सोपा होत नाही.

काही ठिकाणी उतरून सायकल ढकलावी लागते. मग ते माउंटन बायकिंग राहिलं का?

राहिलं. ढकलणं, खांद्यावर घेणं हा खेळाचा भाग आहे. समोरचा टप्पा आपल्या आवाक्याबाहेर आहे हे ओळखून उतरणं ही स्वतंत्र कला. फक्त ठरवायचं ते टप्प्याच्या आधी ठरवा. अर्ध्यात ब्रेक आवळून थांबायला गेलं, की पुढचं चाक अडकतं आणि बहुतेक पडणं तिथेच होतं.

ट्रेलच्या पाटीवरचे रंग काय सांगतात?

इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था १९८८ पासून आहे आणि तिची खूणपद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. पांढरं वर्तुळ सगळ्यात सोपं. हिरव्या वर्तुळाची वाट साधारण ९० सेंटीमीटर रुंद, सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत, न टाळता येणारे अडथळे ५ सेंटीमीटरच्या आत. निळ्या चौकोनात रुंदी ६० सेंटीमीटर, सरासरी चढ १० टक्क्यांपर्यंत, अडथळे २० सेंटीमीटरपर्यंत. काळा चौकट (पत्त्यांतल्यासारखा, टोकावर उभा चौकोन) म्हणजे ३० सेंटीमीटर रुंदी, १५ टक्क्यांपर्यंत सरासरी चढ आणि जवळजवळ ४० सेंटीमीटरचे अडथळे. दोन काळे चौकट असतील तर त्याच्याही पुढचं. ब्रिटनमध्ये क्रम हिरवा, निळा, लाल, काळा असा आहे.

हिरव्या वाटेवर केलेलं माउंटन बायकिंगही पूर्ण माउंटन बायकिंग आहे. निळी वाट तीनदा न थांबता, न घाबरता झाली की मगच काळ्याकडे बघा. आणि पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक रंग एक पायरी वर गेला असं समजा.

सीटवरून उठून उभं राहायचं म्हणजे नेमकं कसं?

दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा. सायकलच्या क्रँकचा मध्य जमिनीपासून साधारण ३३-३४ सेंटीमीटरवर असतो आणि क्रँक १७ ते १७.५ सेंटीमीटरची. म्हणजे एक पाय खाली राहिला तर पेडल आणि जमीन यांत पंधराएक सेंटीमीटरच उरतात, सस्पेन्शन बसलं की आणखी कमी. एवढा दगड कुठेही असतो. पेडल त्याला धडकलं की सायकल जागीच थांबते आणि माणूस पुढे जातो.

टाचा किंचित खाली. गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं बाहेर. कंबरेतून वाका, छाती हँडलच्या जवळ. ब्रेकवर प्रत्येकी एकच बोट, बाकी बोटं मुठीवर. नजर चाकापुढे नाही, आठ-दहा मीटर लांब. उतार आला की खूप मागे जाऊ नका, ही नवख्यांची हमखास चूक. वजन मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं, वळत नाही आणि ब्रेकही धरत नाही. वजन पायांवर असावं, हातांवर नाही आणि मागच्या चाकाबाहेरही नाही.

सीट खाली घेणारा ड्रॉपर पोस्ट असेल तर उताराआधी दाबा. नसेल तर थांबून सीट पाचसात सेंटीमीटर खाली करा, तेवढ्याने फार फरक पडतो.

ब्रेक सरळ वाटेवर मारा, वळणात सोडा. मागचं चाक लॉक करून घसरत वळणं दिसायला भारी, पण त्याने ट्रेल खरवडली जाते. त्याच चरातून पुढचा पाऊस माती वाहून नेतो.

समोरून कुणी आलं तर?

चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्या. घोडा दिसला तर लांबूनच थांबा, बोला, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे त्याला कळतं. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा सुरू करणं अवघड.

डबकं आलं तर कडेने वळसा घालू नका, मधून जा. प्रत्येकाने वळसा घातला की सिंगलट्रॅक वर्षभरात बैलगाडीची वाट होते. ओल्या मातीत टायरचा ठसा बोटाच्या पेरापेक्षा खोल उमटत असेल तर परत फिरा. ती वाट कुणीतरी कुदळ-फावडं घेऊन बनवलेली असते.

सोबत काय न्यायचं?

हेल्मेट, बोटं झाकणारे हातमोजे, दोन तासांच्या फेरीला निदान दीड लिटर पाणी. एक ट्यूब, ट्यूबलेस असलं तरी. दोन टायर लिव्हर, पंप, ट्यूबलेसचे प्लग, चेन तोडायची सोय असलेला मल्टिटूल, तुमच्या गिअरला जुळणारी क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी), आणि तुमच्याच फ्रेमचा सुटा डिरेल्युअर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला लटकतो तो तुकडा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, मित्राचा बसत नाही.

चेन तुटली तर वाकलेला दुवा काढून टाका. दोन्ही टोकांना आतली अरुंद कडी राहील असं तोडा, मग क्विक लिंक बसवा. चेन जरा आखूड होते, म्हणून परत येईपर्यंत मागचा सगळ्यात मोठा गिअर टाळा, नाहीतर डिरेल्युअर ओढला जाऊन मोडतो. टायरची बाजू फाटली तर जाड प्लास्टिकचा किंवा जुन्या टायरचा तुकडा आतून लावून ट्यूब टाका. काही नसेल तर पाण्याच्या पाकिटासारखं जाड पाकीट चौपदरी करून लावलं तरी घरापर्यंत पोचता येतं.

फेरीनंतर काय तपासायचं?

धुताना बेअरिंगांवर जोराचा फवारा नको, पाणी सीलच्या आत शिरतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. मुठीत टकटक जाणवली तर हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) सैल आहे. स्पोक दोनदोन चिमटीत धरून बघा, एखादी लुळी असेल तर लगेच कळते. फ्रेमवर वेल्डिंगजवळ केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावर नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा नाही, तडा असू शकतो. दुकानात दाखवेपर्यंत ती सायकल चालवू नका.

चेनमापक ०.५ टक्के ताण दाखवू लागला की १२ गिअरची चेन बदला, नाहीतर कॅसेटही बदलावी लागते आणि ती कितीतरी महाग. फोर्कच्या खालच्या नळ्या सुमारे ५० तासांनी उघडून तेल बदलावं आणि सील साफ करावे लागतात. तास लक्षात राहत नाहीत, म्हणून फोर्कच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तिच्यावर शेवटच्या सर्व्हिसची तारीख लिहून ठेवा.